चीवराचं तेल

२८ एप्रिल, मंगळवार. आजचं काम: विहारातलं चित्र फ्रेममधून सोडवायचं, पुसायचं, अंगणात सावलीला उभं करून त्याचा फोटो घ्यायचा आणि त्या फोटोवरून फ्लेक्स मारायचा. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा. तोवर विहाराच्या भिंतींना नवा रंग आणि समोरच्या भिंतीवर चित्राच्या जागी फ्लेक्स, असं गावच्या कमिटीत ठरलं आहे.

कमिटीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ, दिलीप. सकाळी टेम्पोतून तोच चित्र घेऊन आला, गोधडीत गुंडाळून. माझं दुकान जामखेडला, खर्डा रोडला. पुढं फ्लेक्सचं मशीन, मागं घर, मधे शहाबादी फरशीचं अंगण. अंगणात त्यानं गोधडी सोडली आणि कमरेवर हात ठेवून चित्राकडं बघत राहिला.

"आक्का, लई काळं पडलंय गं."

"तू तरी कुठं गोरा राहिलास?"

"मस्करी न्हाई. फोटो काढ, कम्प्युटरवर उजळ कर. अंगावरचं चीवर कसं, झगमगीत पायजे. मागं किरणं टाक. आन् खाली कमिटीचे फोटो."

"बुद्धाच्या पायाशी तुझा फोटो?"

"माझ्या एकट्याचा न्हाई. अकरा जनांचे हायेत."

"आणि या चित्राचं काय?"

"माळ्यावर ठिवू. न्हाईतर तूच ठिव. तूच काढल्यालं हाय की."

मी हो म्हटलं. त्यात मला काही वाईट वाटलं नाही. वीसेक वर्षं मी ब्रशनं बोर्ड रंगवले. दुकानांचे, शाळांचे, दुधाच्या डेअऱ्यांचे. फ्लेक्स आला तेव्हा पहिल्या वर्षी रडले नाही, दुसऱ्या वर्षी मशीन घेतलं. फ्लेक्स उन्हानं फिका पडतो आणि गिऱ्हाईक परत येतं. तेलरंगातला बोर्ड एकदा लावला की माणूस तोंड दाखवत नाही. धंदा म्हणून कुठलं बरं, हे सांगायला नको.

दिलीप गेला. ओट्यावर आई लसूण सोलत बसली होती. ती आता माझ्याकडंच असते. तिनं एकदा चित्राकडं बघितलं आणि पुन्हा लसणाकडं.

फ्रेमचे खिळे गंजून लाकडात रुतले होते. पक्कडीनं एकेक उपटला. मागचा पुठ्ठा निघाला आणि वास आला. जुन्या मांजरपाटाचा, सरसाचा, आणि कुठंतरी खाली टर्पेंटाईनचा. इतक्या वर्षांनी टर्पेंटाईन उरत नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी आला.

कापडाच्या पाठीवर तपकिरी रंगात, शाळकरी वळणाच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: नक्कल. पाटोळे सरांच्या चित्रावरून. खाली कुणाचं नाव नाही. सरांचा नियमच होता. नकलेवर आपली सही करायची नाही, समोरून नाही आणि मागूनही नाही. फक्त कुणाकडून घेतलं ते लिहायचं.

तेव्हा मी अकरावीत होते. आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. रविवारची पहिली एसटी धरायची तर फाट्यापर्यंत चालत यायचं. थंडीत दोन्ही बाजूंच्या ज्वारीवर दव असायचं आणि तिच्या कडेकडेनं करडई लावलेली. करडई बोचते, म्हणून जनावरं आत शिरत नाहीत. कुंपणाचं कुंपण आणि तेलाचं तेल. पौषात तिला पिवळी-केशरी फुलं यायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत ब्रश, चिंध्या, भाकरी, जवसाची चटणी आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत जवसाचं तेल. एसटीत बसलं की पिशवीतून भाकरीचा आणि तेलाचा असा एकच वास यायचा. जवस खायचं आणि जवसातच रंगवायचं, हे मला तेव्हा फार सोयीचं वाटे.

पाटोळे सर जामखेडला शाळेत चित्रकला शिकवायचे. ग्रेडच्या परीक्षेला मी तिथं बसले होते. तांब्या-पेला काढायला दिला होता. माझ्या मागं बराच वेळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "तांब्याला पोट आहे हे तुला दिसतंय. रविवारी घरी ये."

त्यांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. पुढं पडवी, पडवीपुढं कडुनिंब. पडवीतल्या भिंतीवर येशूचा क्रूस आणि त्याच्याच शेजारी, त्याच्यापेक्षा चारपट मोठा, बुद्ध. सरांनी मुंबईत शिकत असताना तिथल्या चित्रशाळेतल्या एका जुन्या तैलचित्रावरून केलेला. मांडी घातलेला, मांडीत भिक्षापात्र, डावीकडून उजेड, उजवा खांदा उघडा. चीवर तर असं, की त्याची प्रत्येक घडी इस्त्री करून मग चुरगाळल्यासारखी.

"सर, तुम्ही चर्चला जाता आणि घरात बुद्ध?"

"मी काढलाय तो. येशू मला विकत मिळाला."

आमच्या गावचं विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली. भिंतीला कॅलेंडरवरचं बुद्धाचं चित्र, वाळवीनं कोपरा खाल्लेला. मी जामखेडला चित्र शिकते म्हटल्यावर वस्तीतली माणसं आईला म्हणाली, पोरीला येतंय तर काढू दे की एक मोठं, वैशाखाच्या पौर्णिमेपतुर. आईनं माझ्याकडं न बघताच हो म्हणून टाकलं.

कापड सरांनी माझ्याकडूनच तयार करून घेतलं. खोक्याच्या फळ्यांची चौकट, तिच्यावर मांजरपाट ताणून मारलेलं, त्याला सरसाचा हात आणि वर खडूची पूड कालवलेला पांढरा. सरस आमच्या चुलीवर शिजला. आईनं नाकाला पदर लावला आणि त्या दिवशी स्वयंपाक बाहेर तीन दगडांवर केला. मग सरांनी आपल्या चित्रावर उभे-आडवे दोरे बांधले, शिवणाच्या रिळाचे, कडेनं बारीक खिळे ठोकून. तेवढेच चौकोन माझ्या कापडावर पेन्सिलीनं आखले. एका चौकोनात जे आहे ते दुसऱ्या चौकोनात न्यायचं. बस.

मी पहिल्याच दिवशी चेहऱ्याच्या चौकोनाला हात घातला. सरांनी हातातला कोळसा काढून घेतला.

"काय काढतेस?"

"बुद्ध."

"बुद्ध तुला येत नाही. मलाही येत नाही. या चौकोनात अंधार किती, उजेड किती, तेवढा काढ. कानापासून सुरू कर."

लांब पाळीचा तो कान माझ्या मानगुटीवर बसला. काढायचा, पुसायचा. पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा. संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, "आला का बुद्ध?"

"कान आला."

"नुस्ता कान?"

हे वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. हापशावर बाया पाण्याला आल्या की मला हाका मारायच्या, "अगं कानवाले, दुसरा कान कंदी?" दुसरा कान चित्रात नाहीच, तोंड थोडं वळलेलं आहे, असं मी समजावून सांगायची. त्यावर त्या जास्तच हसायच्या. "एका कानाचाच बुद्ध आनतीय ही!"

कानानंतर सर गळ्याच्या हाडावर आले. "हे हाड बघ. हे राजपुत्राचं नाही. चित्रशाळेत मॉडेल म्हणून कुणी गोदीतला हमाल आणून बसवला असेल. ओझं वाहणाऱ्याचं हाड असं वर येतं." त्या संध्याकाळी आई डोक्यावरचा सरपणाचा भारा उतरवून दारात उभी राहिली, तेव्हा मी तिच्या गळ्याकडं बघतच राहिले. "काय बगतीस?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, चौकोन मोजते.

हे सगळं आधी एकाच तपकिरी रंगात. त्याच्यावर मग अंगाचा रंग, पातळ थरावर जाड थर. जवसाचं तेल सर तसंच वापरू द्यायचे नाहीत. मी आणलेलं तेल वाळू आणि मीठ घालून पाण्यात खळबळायचं, वरचं नितळ तेवढं काढायचं आणि काचेच्या पसरट भांड्यात गच्चीवर उन्हाला ठेवायचं. आठवड्याआठवड्याला ते फिकं आणि दाट होत जायचं, मधासारखं. त्या भांड्यावर मलमलीचा तुकडा असायचा आणि तुकड्यावर मुंग्या. ते भांडं, तो तुकडा, त्या पडवीतला सकाळचा थंड उजेड. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे आणि कडुनिंबाच्या जागी मोटारसायकली लावतात. सरांचं चित्र कुठं गेलं, मला माहीत नाही.

रविवारी सर सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जायचे. जाण्याआधी माझी रंगाची पाटी लावून द्यायचे: पांढरा, पिवळा, गेरू, तपकिरी, काळा नाही. आणि म्हणायचे, "मी नाही तेव्हा घाबरू नकोस, आणि मी आहे तेव्हाही घाबरू नकोस." भिंतीपलीकडून पेटीचा सूर यायचा, मग गाणं, मग बराच वेळ काही नाही. त्या काही नसण्यात माझा ब्रश कापडावर घासल्याचा आवाज मला ऐकू यायचा. पुढं मी पुष्कळ कामं केली, शटरवर, भिंतींवर, शिडीवर लोंबकळून. तेवढा नीट आवाज पुन्हा ऐकला नाही.

चीवर मी असंच एकटीनं रंगवलं. त्या सकाळी निघायच्या गडबडीत पिशवी उचलली, तर तेलाची बाटली भरलेली. आदल्या रविवारी ती तळाशी आली होती. आईनं बघून आपली आपणच भरून ठेवली होती. मला बरंच वाटलं. सर चर्चला गेले आणि मी पिवळा, गेरू आणि जरासा लाल कालवला. रंग जमेना, तेव्हा पिशवीतून करडईचं वाळकं फूल काढलं. महिनाभरापूर्वी आईनंच दिलं होतं, "असा रंग कर गं, आपल्या करडीवानी" म्हणून. ते पाटीवर ठेवलं आणि त्याला गाठेपर्यंत रंग कालवत राहिले. गच्चीवरचं तेल अजून दाट झालं नव्हतं, म्हणून बाटलीतलंच सढळ हातानं घालून खांद्यापासून सुरुवात केली. रंग कसा लोण्यासारखा पळत होता! घडीमागून घडी. इतकं सोपं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सर परत आले. पांढऱ्या सदऱ्यात पडवीच्या पायरीवर उभे राहिले. म्हणाले, "हं."

हा त्यांचा सगळ्यात मोठा शब्द होता. एसटीत मी तो पुन्हा पुन्हा ऐकत घरी आले.

पुढच्या रविवारी सरांनी चीवराला करंगळी टेकवली आणि करंगळीकडं बघितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. चेहरा वाळला, हात वाळले, भिक्षापात्र वाळलं. चीवर ओलं ते ओलंच.

"तेल कुठलं घातलंस?"

"घरचंच. आईनं भरलं होतं."

त्यांनी बाटली हुंगली, पण तिच्यात एव्हाना टर्पेंटाईनच शिरलं होतं. घरी आल्यावर मी आईला विचारलं, बाटलीत काय भरलंस? तेल, म्हणाली. कुठलं? घरातलं. आमच्या घरात तेल म्हणजे करडई. शेतातली करडई खर्ड्याच्या घाण्यावर काढून आणलेली, डबाभर. दुसरं काही मी चुलीपाशी कधी बघितलं नव्हतं. सरांना तसं सांगितलं.

"तेलांत दोन जाती असतात," सर म्हणाले. "माणसांत नसाव्यात, तेलांत असतात. वाळणारी आणि न वाळणारी. जवस वाळतं. करडईसुद्धा वाळते, फक्त सावकाश. शेंगदाणा, खोबरेल कधीच वाळत नाहीत, जन्मभर चिकट. तुझी करडई आहे ना? मग थांबू."

थांबलो. करडईला जितका वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट थांबलो. शेवटी सरांनी निकाल दिला, "घाणेवाल्यानं काहीतरी मिसळलंय." मला ते तंतोतंत पटलं. तेव्हापासून त्या घाणेवाल्याशी मी कधी नीट बोलले नाही. पुढं तो वारल्याचं कळलं, तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा भेसळच आली.

खरवडून पुन्हा रंगवायला दिवस उरले नव्हते. चित्र एसटीच्या टपावर नेता येईना, म्हणून सरांनी ओळखीचा टेम्पो सांगितला आणि मी मागं चित्र धरून बसले. पौर्णिमेला ते पत्र्याच्या खोलीत लागलं. कानाची चेष्टा करणाऱ्या बायांनी पदर नीट केले आणि गप्प बसल्या. त्या गप्पपणावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

वैशाखात आमच्याकडं दुपारी वावटळी सुटतात. मोकळ्या रानातली माती उठून दारातून सरळ आत येते. खोलीच्या खिडकीला फळी नव्हती. ओलं चीवर ती माती धरायला लागलं. माती, अगरबत्तीचा धूर, मेणबत्तीची काजळी, सुगीतला भुसा. करडईच्या फुलाचा रंग जाऊन वर्षा-दोन वर्षांत ते खडकाळ माळासारखं झालं. दर पौर्णिमेला मी मनात म्हणायची, यंदा खरवडून पुन्हा रंगवू. तोवर लग्न झालं, बोर्डांची कामं आली, सर गेले. विहाराची पक्की खोली झाली, तिच्यातही चित्र तसंच लागलं.

तर आज. रिठ्याचं कोमट पाणी करून घेतलं आणि कापसाचे बोळे. कपाळापासून सुरुवात केली. काजळी निघत गेली आणि खालून डावीकडचा उजेड वर आला, सरांच्या पडवीतला. कान स्वच्छ निघाला. चांगला आहे. आज मला कुणी असा कान काढून दाखवला तर मी त्याला कामावर ठेवीन. गळ्याचं हाड निघालं, हात निघाले. मधल्या वेळात मशीनवर दोन वाढदिवस आणि एक दशक्रिया छापून झाली.

मग फोटो काढला आणि कम्प्युटरवर घेतला. दिलीप म्हणाला तसं चीवर उजळवलं. एका झटक्यात पिवळंधमक. नुसतं उजळलंच नाही, गुळगुळीतही झालं. काठावर आधी काहीतरी डाग होते, ते गेले. कसले डाग, म्हणून मूळ फोटो मोठा करून बघितला आणि उठून अंगणात गेले.

चीवराचा खालचा काठ, मांडीवरून उतरतो तिथं, बोटांच्या ठशांनी भरलेला होता. नमस्कार करून बायांनी हात लावलेला. रंग ओला होता तेव्हाचे ठसे खोल आहेत, नंतरचे वरवर. एक अंगठा मधून चिरलेला, विळ्याच्या खुणेचा. तो हापशावरच्या मथुराकाकूचा, सगळ्यांत मोठ्यांदा हसणारी ती. एक बोट फार लहान, कुणीतरी पोर कडेवर घेऊन टेकवलेलं. इतकी वर्षं मी हे चित्र समोरून बघत आले, चार हातांवरून. काठाशी वाकून बघायचं काम माझं नव्हतं, ते नमस्कार करणाऱ्यांचं होतं.

तरी मी टर्पेंटाईनचा बोळा घेतलाच. नुसता कोपरा तपासायला. चीवर खरवडून पुन्हा करायचं, हे माझं जुनं काम होतं. आता घरात चांगले रंग आहेत, शुद्ध जवस आहे, हात तयार आहे. माळ्यावर जायचं तर चित्र निदान धड होऊन जाऊ दे. बोळा लावला तसा तपकिरी थर निघाला आणि खाली नखाएवढं करडईचं फूल दिसलं.

"चीवराला हात लावू नगं."

आई. लसूण केव्हाच संपला होता.

"का? मळलंय सगळं."

"मळंल न्हाईतर काय. त्यो काय गाडीत हिंडला व्हय? या गावाहून त्या गावाला पायी पायी. वाटंची धूळ बसनारच."

"आई, रंग वाळला नव्हता म्हणून बसली ती धूळ. चूक झाली होती."

"चूक?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लहानपणी शाळेतून काहीतरी खोटं सांगत आल्यावर बघायची. "मी तर सगळ्यास्नी सांगत आले, माझ्या पोरीनं मुद्दाम तसा काढलाय म्हनून. शेतातनं चालत आल्यावानी. शेजारच्या गावची मानसं येत्यात तर आमी तेच दावतो. बाकी बुद्ध समद्याच विहारात हायेत, धुळीचा आमच्यातच हाय."

"मग दिलीप फ्लेक्स लावतोय ते?"

"मला कुनी इचारलं?" आणि उठून आत गेली. भांड्यांचा जरा जास्तच आवाज आला.

मी असल्या बोलण्यानं पाघळणारी नाही. आधी पाणी प्यायले. मग बोळा बादलीत टाकला, टर्पेंटाईनचं झाकण लावलं आणि दिलीपला फोन केला.

"दिल्या, आतल्या भिंतीचा फ्लेक्स मी मारत नाही."

"अगं आक्का! कमिटीत ठरलंय."

"पुन्हा ठरवा. फ्लेक्स गेटवर लाव. किरणं टाकते, चक्र टाकते, अकराच्या अकरा फोटो टाकते, तुझा जरा मोठा टाकते. आत चित्रच लागंल."

"मग मी दुसऱ्या दुकानातनं मारून घेतो. जामखेडात काय दुकानं कमी हायेत?"

"घे की. त्याला फोटो काढायला चित्र लागंल. चित्र माझ्या अंगणात हाय."

मग म्हणाला, "काळं दिसतं गं. नव्या रंगाच्या भिंतीवर लई उठून दिसंल."

"दिसू दे. चेहरा पुसलाय, बघशील तर ओळखायचा न्हाईस. आणि चुलतीला विचारलं होतंस का?"

"चुलतीला कशाला मधी आनतीस?" असं म्हणाला, पण आवाज खाली आला. त्यांच्या घरात सगळे आईला वचकून असतात. त्याला लहानपणी तिनंच सांभाळलं आहे. "मोठा म्हंजे कितपत मोठा टाकशील?" त्यानं विचारलं. मी समजले, झालं.

रात्री जेवताना आईला सांगितलं, चित्र परत जातंय. तिनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी उठल्यावर आधी काल बोळ्यानं पुसलेला कोपरा बघितला. नखाएवढं ते करडईचं फूल मी तसंच ठेवलं, बुजवलं नाही. फ्रेम लावण्याआधी चित्र पालथं केलं. कापड कोरडं आणि घट्ट होतं. बोर्डाचा जुना चपटा ब्रश शोधला, पाटीवर तपकिरी रंग काढला, त्यात दोन थेंब जवसाचं तेल घातलं. नक्कल. पाटोळे सरांच्या चित्रावरून. त्या ओळीच्या खाली बोर्डावर लिहावं तसं नीट, ठळक लिहिलं:

चीवराचं तेल: कौसाबाई.

आईला स्वतःच्या नावापुरती अक्षरं येतात. चहाची बशी हातात घेऊन ती शेजारी आली, एकेक अक्षर ओठांनी लावलं आणि म्हणाली, "माझं नाव कशापायी?"

"बाटलीत तेल तू भरलं होतंस. आठवतं का? चीवर त्याच तेलातलं आहे."

"आठवतं की. न आठवायला काय झालं?" ती अजून अक्षरांकडंच बघत होती. "आन् नुस्तं तेल काय लिवतीस? कुठलं तेल ते लिव."

"करडईचं."

"करडीचं?" तिनं बशी फरशीवर ठेवली. "करडीचं रोजच्या कोरड्यासाला. बुद्धाच्या चित्राला रोजचं तेल घालीन व्हय मी? शेंगदाण्याचं हुतं ते. चांगलं. पावन्यांसाठी उतरंडीच्या मागं झाकून ठिवलेलं. तुझ्या बापाला सुदिक दिलं न्हवतं."

मी ब्रश हातात धरून तशीच उकिडवी बसले. घाणेवाला डोळ्यांपुढं आला, बिचारा. आणि रोजची करडई, जी सावकाश का होईना, वाळली असती.

"काय झालं? जागा न्हाई व्हय लिवाया?"

"आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे."

ब्रश पुन्हा बुडवला आणि नावाच्या खाली लिहिलं: शेंगदाण्याचं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. आईला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि गार झालेला चहा प्यायली.

दिलीपचा टेम्पो आला तेव्हा अक्षरं ओली होती. गोधडीत गुंडाळता येईना, म्हणून मागं चित्र धरून मीच बसले. आई पुढं, ड्रायव्हरशेजारी. खर्डा रोडला लागलो तसा वारा अंगावर आला, धूळ घेऊन. मी चित्राची पाठ माझ्याकडं वळवून घेतली. अक्षरं जवसाच्या तेलातली होती. दोन-चार दिवसांत वाळतील.